राखेचा हिशेब कोण मांडणार?

(मुक्ताईनगर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



१९८२ सालच्या जानेवारीत महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना सिमेंटपायी सत्तेवरून जावे लागले, ही गोष्ट आजच्या तरुण कार्यकर्त्याला दंतकथेसारखी वाटेल. त्या काळी सिमेंटवर सरकारचे नियंत्रण होते. गावात घराची एक भिंत उभारायची तरी परमिटासाठी कचेरीत खेटे घालावे लागत. त्याच वेळी मुंबईतील काही बिल्डरांना मात्र सिमेंटचा कोटा सहज मिळत होता, आणि मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांच्याशी संबंधित न्यासांकडे बिल्डरांच्या देणग्या वाहत होत्या. प. बा. सामंत यांच्यासारख्या समाजवादी कार्यकर्त्यांनी हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे नेले. देणग्या आणि सिमेंटचे वाटप यांचा परस्परसंबंध न्यायमूर्ती लेंटिन यांनी आपल्या निकालात दाखवून दिला आणि अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला.

त्या लढ्यामागचा प्रश्न सरळ होता : टंचाईची वस्तू कोणाला मिळणार? गरजवंताला, की सत्तेच्या दारी थैली घेऊन उभा राहणाऱ्याला?

त्याच वर्षी केंद्र सरकारने सिमेंटवरील नियंत्रण अंशतः उठवले आणि १९८९ साली ते पूर्णपणे गेले. आज मुक्ताईनगरच्या बाजारपेठेत पैसे मोजणाऱ्याला हव्या तितक्या गोण्या मिळतात. देशातील उत्पादन वर्षाला चाळीस कोटी टनांच्या पुढे गेले असून जगात चीनच्या खालोखाल भारताचा क्रमांक लागतो. टंचाई संपली म्हणून प्रश्नही संपला, असा समज सर्वत्र रूढ झाला आहे. वस्तुतः प्रश्न संपलेला नाही. त्याने रूप पालटले आहे. काल विचारायचे होते की सिमेंट कोणाला मिळणार. आज विचारायचे आहे की सिमेंटचा बोजा कोण वाहणार? हा प्रश्न चंद्रपूरच्या डोंगरांचा किंवा परदेशातील परिषदांचा आहे असे मानण्याचे कारण नाही. मुक्ताईनगरपासून तीसेक किलोमीटरच्या आतबाहेर, दीपनगरच्या धुराड्यांखाली, तो येऊन उभा आहे.

दगडातील वायू

सिमेंटचा कारखाना हवा बिघडवतो असे आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर धूळ येते. धूळ आहेच, परंतु ती चाळण्या आणि यंत्रे बसवून पुष्कळशी अडवता येते. खरी अडचण दगडाच्या पोटात आहे. चुनखडीचा दगड मातीसह भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की त्याचे काळपट गोळे बनतात. यांना क्लिंकर म्हणतात. ते थोड्या जिप्समसह दळले की सिमेंट तयार होते. या क्रियेत चुनखडीत बांधला गेलेला कार्बन डायऑक्साइड वायू सुटा होऊन आकाशात जातो. एक टन क्लिंकरमागे सुमारे अर्धा टन वायू नुसत्या दगडातून निघतो. भट्टीत जाळलेल्या कोळशाचा त्याहून वेगळा. दोन्ही मिळून तो आठशे किलोंच्या घरात जातो. भट्टी उद्या सूर्याच्या उष्णतेवर चालवली तरी दगडातील वायू निघायचा तो निघणारच. माणसाच्या उद्योगांतून जगभर जो कार्बन वायू बाहेर पडतो, त्याचा सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे, याचे कारण हेच.

म्हणून सिमेंट उद्योगाने एक वाट काढली : क्लिंकर कमी घालायचे आणि त्याच्या जागी दुसरे काही मिसळायचे. त्यातले सर्वात स्वस्त द्रव्य म्हणजे औष्णिक वीज केंद्राची उडती राख. या राखेतील सिलिका आणि अॅल्युमिना यांचा चुन्याशी पाण्यात संयोग होतो व काँक्रीट हळूहळू पण पक्के होत जाते. भारतीय मानकानुसार पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख मिसळता येते. तीस टक्के धरले तर पन्नास किलोंच्या गोणीत पंधरा किलो राख असते. दर टन सिमेंटमागे सुमारे अडीचशे किलो वायू त्यामुळे वाचतो. ही बचत खरी आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. राख मिसळणे म्हणजे भेसळ, असा जो समज खेड्यापाड्यांतून आहे तो चुकीचा आहे, हेही कार्यकर्त्यांनी लोकांना सांगितले पाहिजे.

चुनखडीशिवाय सिमेंट

खानदेशची भूमी काळ्या बेसॉल्टची. येथे सिमेंटयोग्य चुनखडीचे मोठे साठे नाहीत. महाराष्ट्रातील ते साठे मुख्यतः चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत आहेत. असे असूनही जळगाव-भुसावळ रस्त्यावरील नशिराबाद येथे १९९७ साली ओरिएंट सिमेंटचा दळणाचा कारखाना उभा राहिला. क्लिंकर तयार होते आजच्या तेलंगणातील देवापूर येथे. तेथून ते येथे यायचे आणि राख मिसळून दळले जायचे. चुनखडी नसलेल्या मुलखात सिमेंटचा कारखाना का यावा? बाजारपेठ हे एक कारण, आणि दीपनगरची राख हे दुसरे. ज्या गोष्टीला गावकरी कचरा म्हणत होते, ती कारखानदाराच्या दृष्टीने खाण होती.

या खाणीचे आकारमान साध्या गणिताने ध्यानात येईल. एक युनिट वीज निर्माण करण्यास सुमारे ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. दीपनगर येथे ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत, आणि अलीकडे ६६० मेगावॅटचा आणखी एक संच उभारण्यात आला. केवळ त्या दोन संचांचा विचार केला तरी पूर्ण क्षमतेच्या एका दिवसात २ कोटी ४० लाख युनिटे वीज निघते. त्यासाठी पंधरा हजार टनांहून अधिक कोळसा जळतो. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४५ टक्के. म्हणजे एका दिवसाची राख पाच हजार टनांच्या आसपास झाली. हे दररोजचे आहे.

यातली सगळी राख सिमेंटला चालत नाही. जी राख धुराबरोबर वर जाते आणि विजेच्या साह्याने कोरडीच पकडली जाते, ती पिठासारखी बारीक असते. सिमेंट कारखान्याला हवी असते ती हीच. ती बंद टँकरांतून, ज्यांना बल्कर म्हणतात त्यांतून, जाते. भट्टीच्या तळाशी राहणारी जाडी राख आणि न उचललेली उरलीसुरली राख पाण्यात कालवून नळांवाटे वेल्हाळे शिवारातील राखेच्या बंडात सोडली जाते. थोडक्यात, दाणे कारखान्याने नेले आणि फोलपटे गावाच्या वाट्याला आली. उन्हाळ्यात बंडाचा पृष्ठभाग वाळतो, वारा सुटतो, आणि राख शेतांवर, केळीच्या पानांवर, घरातल्या पाण्याच्या माठावर येऊन बसते. या राखेत आर्सेनिक, शिसे, क्रोमियम, पारा यांसारखी द्रव्ये अल्प प्रमाणात असतात. बंडाच्या तळाला नीट अस्तर नसेल तर ती झिरपून विहिरींत उतरण्याची भीती असते.

आता मुक्ताईनगरचा संबंध पाहावा. दीपनगरला पाणी मिळते ते हतनूर धरणाचे. तापी-पूर्णा संगमाजवळच्या या धरणाच्या जलाशयासाठी एदलाबाद परिसरातील, म्हणजे आजच्या मुक्ताईनगर तालुक्यातील, शेतकऱ्यांनी आपल्या काळ्या जमिनी दिल्या. या तालुक्याने जमीन दिली, तेव्हा पाणी साठले. पाणी साठले, तेव्हा वीज केंद्र चालले. त्याच पाण्यात कालवून राख बंडात गेली, आणि कोरडी राख सिमेंटच्या गोणीत भरून या तालुक्याच्या बाजारात विकायला आली. धरणग्रस्ताने पुनर्वसनाच्या प्लॉटवर घर बांधले, तेव्हा तीच राख त्याने पैसे देऊन विकत घेतली. एवढ्या मोठ्या फेऱ्यात प्रत्येक टप्प्यावर कोणी ना कोणी हिशेब ठेवला : पाटबंधारे खात्याने पाण्याचा, वीज कंपनीने युनिटांचा, सिमेंट कंपनीने टनांचा. गावाने काय दिले याचा हिशेब मात्र कोणीही ठेवला नाही.

कायदा आहे, वही नाही

राखेबाबत कायदाच नाही असे नाही. १४ सप्टेंबर १९९९ रोजी केंद्र सरकारने पहिली अधिसूचना काढली. वीज केंद्रांनी किमान दहा वर्षे राख फुकट द्यावी आणि जवळपासच्या वीटभट्ट्यांनी ती वापरावी, असे तिच्यात होते. पुढे ती अनेकदा बदलली. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने सगळी राख वापरण्याचे बंधन घातले, साठलेली जुनी राख दहा वर्षांत संपवण्यास सांगितले, तीनशे किलोमीटरच्या परिसरातील रस्ते व बांधकामे यांना राख वापरण्याचे कर्तव्य लावले, आणि न वापरलेल्या राखेवर टनामागे १००० रुपये भरपाई ठरवली. कागदावर हे स्वागतार्ह आहे. तथापि ही भरपाई जमा होते केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या खात्यात, दिल्लीला. ज्याच्या विहिरीत राख उतरते त्याच्या ग्रामपंचायतीला त्यातून काय मिळते, याचे उत्तर अधिसूचनेत नाही.

बंड हे केवळ धुळीचे संकट नव्हे. १० एप्रिल २०२० रोजी मध्य प्रदेशातील सासन येथे राखेचा बंधारा फुटून सहा माणसे प्राणास मुकली. जुलै २०२२ मध्ये आपल्याच राज्यात, नागपूरजवळ कोराडी वीज केंद्राचा खसाळा येथील बंड फुटला आणि राखेचा लोंढा शेतांत व ओढ्यांत शिरला. अशा घटनांनंतर चौकशी होते. परंतु बंडाच्या भिंतीची तपासणी कधी झाली, ती कोणी केली, तिचा अहवाल काय सांगतो, हे बंडाखाली राहणाऱ्या माणसाला आधी कळावे, अशी व्यवस्था होत नाही.

येथे १९८२ सालाची आठवण पुन्हा काढावी लागते. ज्या वस्तूचे वाटप सत्तेच्या मर्जीवर चालते, ती वस्तू हळूहळू आश्रितांना पोसण्याचे साधन बनते. त्या काळी सिमेंटचा कोटा तसा होता. आज राखेच्या उचलीचे आणि वाहतुकीचे ठेके ते काम करू शकतात. ठेका कोणत्या अटींवर दिला, गाड्या कोणाच्या, एका फेरीचा दर किती, वजनकाट्यावर किती टन आणि रस्त्यावर किती टन, ही माहिती उघड झाली पाहिजे. याला राखेच्या गाड्यांवर पोट भरणाऱ्या तरुणांचा विरोध होईल, असे काही कार्यकर्ते म्हणतात. तसे होण्याचे कारण नाही. गाडी चालवणारा, सायलोखाली तोंडाला फडके बांधून उभा राहणारा मजूर हाच राखेचा पहिला बळी आहे. त्याची रोजी टिकवून त्याची फुप्फुसेही वाचवणे, ही मागणी त्याच्या विरोधातली नव्हे, त्याच्याच हिताची आहे.

बचत कोणाच्या खाती?

नियंत्रण उठले तेव्हा असे सांगण्यात आले होते की स्पर्धा वाढेल आणि ग्राहकाचे कल्याण होईल. २०१२ साली स्पर्धा आयोगाने अकरा सिमेंट कंपन्यांना संगनमत केल्याबद्दल सहा हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. ते प्रकरण नंतर वर्षानुवर्षे अपिलात राहिले. दरम्यान उद्योग मूठभरांच्या हाती एकवटत गेला. २०२२ साली अंबुजा आणि एसीसी या कंपन्या अदानी समूहाकडे गेल्या, आणि २०२४ साली अंबुजाने ओरिएंट सिमेंट घेण्याचा करार केला. नशिराबादचा कारखाना अशा रीतीने एका देशव्यापी समूहाच्या हिशेबातला एक आकडा झाला. गोणीतील पंधरा किलो क्लिंकरच्या जागी राख आली, कोळसा वाचला, चुनखडी वाचली; परंतु गोणीचा भाव त्या प्रमाणात उतरला नाही.

आता आणखी एक टप्पा येतो आहे. २०२३ साली केंद्राने कार्बन क्रेडिटच्या व्यापाराची योजना अधिसूचित केली आणि सिमेंट उद्योग तिच्या कक्षेत आहे. ठरवून दिलेल्या प्रमाणापेक्षा कमी वायू सोडणाऱ्या कंपनीला विकता येण्याजोगे प्रमाणपत्र मिळेल. म्हणजे राखेमुळे झालेली बचत उद्या बाजारात विकली जाईल. वायू कमी होणे हे साऱ्या जगाचे हित आहे, त्याला समाजवादी माणूस विरोध करणार नाही. परंतु ज्या बचतीचा एक पाय वेल्हाळ्याच्या शिवारात आहे, तिचे सगळे उत्पन्न एकाच खाती जावे, हे कोणत्या न्यायाने?

शिवाय ही बचत कायमची नाही, हेही समजून घेतले पाहिजे. राख आहे तोवर कोळसा जळतो आहे असा तिचा अर्थ. हवामानासाठी कोळसा कमी करायचा आणि सिमेंटच्या बचतीसाठी राख हवी, हा पेच केव्हातरी उकलावा लागेल. त्याची एक वाट आहे. भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेली चुनखडी मिसळून क्लिंकर जवळजवळ निम्म्यावर आणणारे सिमेंट स्वित्झर्लंड, क्यूबा आणि भारतातील संशोधकांनी मिळून विकसित केले; दिल्ली व मद्रासच्या आय.आय.टी.चा त्यात वाटा आहे. २०२३ साली भारतीय मानक ब्युरोने त्याचे मानक प्रसिद्ध केले. या सिमेंटमुळे सुमारे ४० टक्क्यांपर्यंत वायू वाचू शकतो. सार्वजनिक पैशांतून चाललेल्या संस्थांत झालेले हे संशोधन सार्वजनिक बांधकामांत आधी उतरले पाहिजे, अशी मागणी सरकारकडे करता येते. मात्र तेथेही सावधगिरी हवी. राखेऐवजी उद्या चिकणमाती खणली जाईल. ती ज्या गावाची असेल, त्या गावाला विचारल्यावाचून खोदकाम सुरू झाले, तर कुसुंबीच्या कोलाम आदिवासींना चुनखडीच्या खाणीपायी आपल्या जमिनीच्या हक्कासाठी जसे झगडावे लागले, तसेच दुसऱ्या कोणाला झगडावे लागेल.

कमी सिमेंट, अधिक उपयोग

सगळ्यात चांगली बचत म्हणजे न वापरलेले सिमेंट. खानदेशातील धाब्याची घरे जाड मातीच्या भिंतींमुळे उन्हाळ्यात थंड राहत. जळगाव जिल्ह्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा सिमेंटच्या स्लॅबखाली रात्रभर तळमळणाऱ्या माणसाला त्याची किंमत कळते. तथापि धाब्याच्या घराचे गोडवे गाणाऱ्याने हेही लक्षात ठेवावे की दर पावसाळ्याआधी धाब्यावर माती चढवणे, भिंती लिंपणे हे कष्ट घरातील बायांनीच उपसले, आणि गळणाऱ्या धाब्याखालून पक्क्या छताखाली जाण्याची गरिबाची इच्छा पूर्णपणे रास्त आहे. गरिबाला घरकुलासाठी सिमेंट हवे. त्याच्या चार भिंतींवर काटकसरीचे प्रवचन झोडून नगरांतील मनोरे मात्र चढू द्यायचे, हा पर्यावरणवाद नव्हे. तो ढोंगीपणा आहे.

निकष असा असावा की एका गोणीने समाजाला काय मिळाले? धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाने नाले रुंद व खोल करून त्यांवर सिमेंटचे छोटे बंधारे बांधण्यात आले आणि कोरड्या विहिरींना पाणी आले. त्याच जिल्ह्यात पांझरेवरील फड पद्धतीचे दगडी बंधारे सिमेंटचा जन्म होण्यापूर्वीपासून लोकांनी आपल्या शिस्तीने चालवले. या कामांच्या शेजारी आपल्या गावांतील गल्ल्या पाहाव्यात. चांगला रस्ता उखडून त्यावर पुन्हा काँक्रीट, अंगणापासून देवळापर्यंत फरशी आणि काँक्रीट. पावसाचा थेंब जमिनीत मुरायला जागा उरू नये अशी व्यवस्था. यात लोकांची गरज किती आणि ठेकेदाराची किती, हे ग्रामसभेत विचारले गेले पाहिजे.

कार्यकर्त्यांचे काम

या सगळ्यातून कार्यकर्त्यांपुढे काही ठोस कामे उभी राहतात. पहिले, दर महिन्याला किती राख निघाली, किती कोरडी उचलली गेली, किती बंडात गेली आणि ठेके कोणाला दिले, याचे विवरण बंडाभोवतीच्या प्रत्येक ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावे, ही मागणी. माहितीच्या अधिकाराचा कायदा हाताशी आहे. त्याचा अर्ज लिहिण्यास वकील लागत नाही. दुसरे, बंडाभोवतीच्या विहिरींच्या पाण्याची आणि गावकऱ्यांच्या, तसेच राख हाताळणाऱ्या मजुरांच्या प्रकृतीची नियमित तपासणी, आणि तिचे निष्कर्ष जाहीर करणे. तिसरे, बंडाच्या सुरक्षिततेचा अहवाल ग्रामपंचायतीला देणे. चौथे, न वापरलेल्या राखेवरील भरपाईचा आणि राखेच्या विक्रीचा ठरावीक हिस्सा बाधित गावांना कायद्याने मिळणे. पाचवे, ठेक्यातील कामगारांना कायम कामगारांच्या बरोबरीची संरक्षण साधने व औषधोपचार.

यांपैकी एकाही मागणीने कारखाना बंद पडत नाही, वीज थांबत नाही, कोणाचे घरकुल अडत नाही. थांबेल ती फक्त एक सवय : खर्च गावाच्या नावे आणि बचत कंपनीच्या नावे लिहिण्याची. १९८२ साली सिमेंटच्या वाटपाची कागदपत्रे न्यायालयापुढे आली आणि सरकार हादरले. ती मिळवणारे साधे कार्यकर्ते होते. त्यांच्यापाशी चिकाटी होती आणि हिशेब विचारण्याचे धैर्य होते. राखेची वहीही कोठेतरी कपाटात आहे. ती बाहेर काढून वेल्हाळ्याच्या आणि मुक्ताईनगरच्या माणसापुढे उघडणे, हे आज आपल्या पुढ्यातले काम आहे.